सपाट खडकाच्या पुढे

"आत्यावर गेलीस बघ तू! अर्धी नंबर दोन," दादा म्हणाला आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

झालं ते एवढंच. रविवारचं दुपारचं जेवण, दादाच्या घरचं लांबट टेबल, वहिनीने मधोमध आणून ठेवलेलं सुपाचं भांडं. एकोणीस वर्षांच्या भाचीने नुकतंच सांगितलं होतं, की ती कॉलेज सोडतेय. जमत नाही, झोप लागत नाही, वर्गात शिरलं की हातपाय गार पडतात. हे बोलायला त्या पोरीने किती दिवस धीर गोळा केला असेल ते तिच्या हातांकडे पाहिलं तरी कळत होतं. चमचा उगाच ताटाच्या कडेला सरळ लावत बसली होती. आणि बापाने त्यावर काय करावं, तर विनोद. वहिनी हसली, कारण लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या विनोदांना हसतच आली होती. भाचीही हसली, नुसत्या ओठांनी. आणि टेबलाच्या टोकाला, पाठीशी उशी घेऊन बसलेले बाबा हसले. खांदे हलवत, आवाज न करता, रुमाल तोंडाशी धरून. आत्या तेवढी हसली नाही. अर्धी ती होती. चाळीस वर्षं तिने हे नाव वागवलं होतं, आता ते टोचतसुद्धा नाही असं ती स्वतःला सांगायची. पण आज तिच्या डोळ्यांदेखत, मोठीचा जुना कोट धाकटीला द्यावा तसं, ते या पोरीच्या अंगावर चढवलं गेलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, अर्धवट ताट सिंकमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "निघते मी. उद्या लवकर उठायचंय." "का गं, कुठे निघालीस?" वहिनीने विचारलं. "डोंगरावर." "कुठल्या?" "त्याच." दादाला तर आणखीच चेव आला. "अगं, पन्नाशी आली तुझी! बरं, अर्ध्यावर पोचलीस की फोन कर, न्यायला येतो." बाबा मात्र या वेळी हसले नाहीत. हे तिला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

सकाळच्या पहिल्या बसने तिला वळणावर उतरवलं आणि बस निघून गेली. डोंगराला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. त्याच्या एका अंगाला असलेल्या उंच शिखरावर लोक झुंडीने जात, दुसऱ्या अंगाला तळं होतं म्हणून तिथे जात. हा आपला दोघांच्या मधे, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. पाटीसुद्धा नव्हती. पायवाट एका मोडक्या कुंपणाला वळसा घालून झाडीत शिरत होती आणि ती चालायला लागली तीच मुळी भांडायला निघाल्यासारखी. पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी, थर्मास, ब्रेडचे दोन तुकडे, आणि डोक्यात दादाचा आवाज. काय बोलायला हवं होतं ते आता सुचत होतं, नेहमीप्रमाणे. दादा, पोरगी रडतेय तुझी. दादा, तू स्वतः काय पूर्ण केलंस रे, जेवणाखेरीज? एकेक वाक्य ती दातांत धरून घासत होती आणि वाट चढत होती. झाडांची मुळं वाटेवर आडवी आली होती, त्यांवर रात्रीचं दव होतं. एकदा पाय सटकला तेव्हा तिने मुळाला शिवी हासडली. बरं वाटलं. आपल्याला इतकी चांगली शिवी येते हे ती विसरली होती.

घरातली गोष्ट अशी होती, आणि ती इतक्यांदा सांगून झाली होती, की तिला कडा राहिल्या नव्हत्या. ती नऊ वर्षांची असताना बाबा सगळ्यांना घेऊन या डोंगरावर आले होते. बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. गळ्यात शिट्टी, मनगटावर मोठं घड्याळ, आणि त्यांना बघून आडदांड ड्रायव्हर हातातली सिगरेट लपवायचे. घरातही तीच शिट्टी. घाबरायचं नाही, हा घरचा एकमेव कायदा. दादाला त्यांनी पोहायला शिकवलं ते पाण्यात ढकलून, आणि तिला अंधाराची भीती वाटते म्हटल्यावर तळघरातून कोळशाची बादली आणायचं काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं. तर असे बाबा, आई, दादा आणि ती. वर चढता चढता एका सपाट खडकाशी पोचले. शिखर तिथून समोर दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, मी इथेच बसते. बाबा लेकीचा हात धरून पुढे गेले, दादा मागोमाग येणार होता. आणि मग ती रडायला लागली. पाय दुखतात म्हणून. भोकाड पसरलं, पुढे एक पाऊल टाकीना. शेवटी बाबांनी तिला पाठुंगळीला घेतलं आणि सगळे परतले. पोरीचे पाय दुखायला लागले, नाहीतर हा गेलोच होतो वर, हे बाबांचं वाक्य. अर्धी हे दादाने पाडलेलं नाव. पुढे तिने व्हायोलिनचा क्लास सोडला, तेव्हा ते नाव कामाला आलं. लग्नानंतर चार वर्षांनी ती नवऱ्याला सोडून आली तेव्हाही आलं, आणि तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, "चल, सपाट खडकापर्यंत तरी पोचलीस." ती त्या वेळी हसली होती! हे आठवून तिला आता स्वतःचाच इतका संताप आला, की ती वाटेत उभी राहिली. तो नवरा दारू पिऊन भिंतीवर बशा फोडायचा, आणि तिथून जिवंत बाहेर पडण्याला हे लोक अर्ध्यावर सोडणं म्हणत होते, आणि ती हसली होती.

झाडी संपली आणि उघडा उतार लागला. वारा होता, ऊनही होतं, दोन्ही एकाच गालावर. पोटऱ्या ताणल्या जात होत्या, पण तिला पाय कसे वापरायचे ते ठाऊक होतं. तो तिचा धंदाच होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर फिजिओथेरपीचा विभाग होता, तिथे ती पडलेल्या, मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना लाकडी कठडा, जमिनीवर पिवळी रेघ. कामाला लागली तेव्हा विभागाच्या जुन्या मुख्य बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे कुणाला घाबरलात का असं विचारायचं नाही. दुखतंय का, असं विचारायचं. माणूस हो म्हणेल. मग त्याला खुर्ची द्यायची." आणि ते खरंच होतं. हाड जुळलेलं असायचं, टाके निघालेले असायचे, दुखायला जागाच उरलेली नसायची. तरी कॉरिडॉरच्या मध्यावर चांगला धडधाकट माणूस पांढरा पडायचा. दुखतंय का? हो हो, फार दुखतंय. बसा. विभागातल्या सगळ्याजणी असंच करायच्या, रोजच्या नोंदीतही दुखतं असंच जायचं. भीती हा शब्द त्या कॉरिडॉरमध्ये नव्हताच. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, उलट माणसाची लाज राखली जायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा यायचा. या शहाणपणाचा तिला इतकी वर्षं अभिमान होता. ओळखायचं कसं, तेही बाईंनीच दाखवलं होतं. दुखणारा माणूस तुमचा हात धरतो. घाबरलेला मनगट धरतो.

सपाट खडक आला तेव्हा तिने तो लगेच ओळखला, आणि तो इतका लहान निघाला याचाही तिला राग आला. त्यावर एक जाडगेला गृहस्थ बूट काढून बसला होता आणि उकडलेलं अंडं सोलत होता. टरफलं शेजारी नीट रचून ठेवलेली.

"या, या, बसा," तो घरात बोलावल्यासारखा म्हणाला. "पोचलात एकदाच्या. हेच टोक."

"टोक ते समोर आहे," ती म्हणाली.

"ते नावाला. सगळे इथूनच परततात. मी दरसाल येतो, मीसुद्धा कधी गेलो नाही. पुढे आहे काय? दगड. आणि वाट वाईट आहे हो, दोन्हीकडून उतार. बाईमाणूस, त्यातून एकट्या. पाय दुखत असतील तुमचे."

"माझे पाय दुखत नाहीत!" ती एवढ्या जोराने ओरडली, की त्याच्या हातातलं अंडं निसटलं आणि खडकावरून घरंगळत गेलं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. तिला जरा लाज वाटली, पण माफी मागण्याइतकी नाही. दुसरं कुणी चढताना दम लागला म्हणून थांबलं, की लोक विचारतात पाणी हवंय का. बाई थांबली, की तिचे पाय दुखत असतात.

खडकापुढची वाट म्हणजे एक धार होती. लांबून ती आडवी भिंत वाटत असे. जवळ गेल्यावर कळलं, की भिंतीच्या माथ्यावरून चालायचं आहे. रुंदी तशी पुरेशी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरएवढी, लांबीही फार तर तेवढीच. फक्त कठडा नव्हता. डावीकडे गवताचा उतार खाली खाली जात एकदम संपत होता, आणि जिथे तो संपत होता तिथून खाली तळ्याच्या बाजूची झाडं दिसत होती, शेवाळासारखी बारीक. ती पंधरा-वीस पावलं ताठ गेली. पेशंटला सांगायची तेच स्वतःला सांगत, समोर बघा, पायांकडे नको. मग वाऱ्याचा एक झोत डावीकडून आला, पिशवी पाठीवर हलली, आणि तिने खाली पाहिलं. ती खाली बसली, म्हणजे बसवली गेली. तोंडाला कोरड, कानांत स्वतःचाच ठोका, आणि पहिला विचार आला तो आयता, शिकवून ठेवल्यासारखा: पाय दुखताहेत. परत फिरावं. काय हरकत आहे. दादा हसेल, हसू दे, नाहीतरी हसतोच. मग तिची नजर मांडीवर गेली. तिच्या उजव्या हाताने तिचंच डावं मनगट धरलं होतं. बोटं रुतली होती, खालची कातडी पांढरी पडली होती. ती त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. ही पकड तिच्या ओळखीची होती.

गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना चालवायला तीच होती. दुसऱ्या कुणाकडे जायला त्यांनी साफ नकार दिला. पिवळ्या रेघेच्या मध्यावर बाबा थांबले आणि त्यांनी तिचं डावं मनगट धरलं. तिने सवयीने विचारलं, "दुखतंय का, बाबा?" बाबा म्हणाले, "हो, फार दुखतंय." तिने खुर्ची ओढून दिली. त्या क्षणी तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं, शिंक येता येता जावी तसं ते गेलं, आणि तिनेही जाऊ दिलं. रात्री मनगटावर बोटांचे वळ दिसले होते. आणि आता, या धारेवर बसल्या बसल्या, ती शिंक आली. लाल मण्यांची माळ होती. आईने तिच्या मनगटाला दुहेरी गुंडाळून दिलेली, नवी. इथेच कुठेतरी, याच दगडांमधे, बाबांचा हात तिच्या तळव्यातून सरकून मनगटावर आला होता आणि आवळत गेला होता, आणि माळ तटकन तुटली होती. मणी उड्या मारत डावीकडच्या गवतात गेले. ती रडली ती मण्यांसाठी! माझे मणी, माझे मणी, असं ओरडत होती ती, आणि ते गोळा करायला पुढे वाकत होती. तिला पुढेच जायचं होतं. तिला मुळीच भीती वाटत नव्हती, नऊ वर्षांच्या पोरीला उतार म्हणजे काय ते कळतही नसतं. वर तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि ते तोंड पिठासारखं पांढरं होतं, आणि कपाळावर घाम होता, थंडीत. बाबा, चला ना, असंही ती म्हणाली होती. बाबांनी तिला पाठुंगळीला घेतलं ते तिच्यासाठी नव्हतंच. वळून ते जवळजवळ रांगत खडकाकडे गेले होते, आणि तिथे आई आणि दादा दिसताच ताठ उभे राहिले होते, आणि त्यांचा तो डेपोतला आवाज परत आला होता: "पोरीचे पाय दुखायला लागले."

तिने मोठ्याने "नाही!" म्हटलं. ऐकायला गवत होतं. चाळीस वर्षं. एका वाक्याची चाळीस वर्षं, आणि त्या वाक्यावर त्यांनी तिचं सगळं आयुष्य रचू दिलं. ती व्हायोलिन सोडते, अर्धीच ती, ती नवरा सोडते, अर्धीच ती, आणि हा माणूस टेबलाच्या टोकाला बसून रुमालाआड हसत होता. आईला माहीत होतं का? आई मेली, आता कुणाला विचारणार. घाबरलो म्हणाला असतात तर काय झालं असतं, बाबा? आम्ही खडकावर बसून डबा खाल्ला असता. मी तुमचा हात धरून तुम्हाला परत आणलं असतं, मला येत होतं तेव्हाही. तिला रडू फुटलं, पण ते दुःखाचं नव्हतं. दात आवळून, नाक पुसत, बाह्यांनी तोंड घासत ती रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, की कॉरिडॉरमधलं ते शहाणपण, ज्याचा तिला एवढा अभिमान, तेच तिच्यावर वापरलं गेलं होतं. फक्त तिथे माणूस आपल्या भीतीला आपलं दुखणं म्हणायचा. यांनी आपली भीती घेऊन दुसऱ्याच्या पायांत घातली. लहान मुलाच्या पायांत! तिने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. मग ती उभी राहिली नाही. उभं राहायची गरज काय, कोण बघतंय? ती भ्यालेली होती आणि ती भ्याली आहे असं तिने मोठ्याने म्हटलं, "मला भीती वाटतेय," आणि धारेवर घोड्यावर बसावं तशी दोन्हीकडे पाय टाकून बसली, आणि हातांवर जोर देत, बूड घासत, शिव्या देत पुढे सरकत राहिली. पँट फाटली. तळहात सोलवटले. कुणी पाहिलं असतं तर हसून हसून मेला असता.

वर खरंच काही नव्हतं. त्या अंडेवाल्याचं बरोबर होतं. दगडांचा एक ढिगारा, त्यात खोचलेली गंजकी सळई, आणि कुठून आल्या कोण जाणे, पुष्कळ माश्या. ती थर्मासमधला चहा प्यायली, तो कोमट झाला होता. आपल्याला काहीतरी वाटेल अशी ती वाट बघत होती. मोठी माणसं शिखरावर गेली की त्यांना काही ना काही वाटतं. तिला भूक लागली. ब्रेड खाताना ती खालच्या सपाट खडकाकडे बघत होती. तिथला गृहस्थ आता उभा राहून, डोळ्यांवर हात धरून, तिच्याकडे बघत होता. त्याने हात हलवला. तिने हलवला नाही, मग हलवला. एवढ्याशा अंतरासाठी, तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, एवढ्याशा अंतरासाठी. परत येताना ती धार तितकीच भयंकर होती आणि ती तशीच बूड घासत आली. खडकावर गृहस्थाने काही न विचारता तिला दुसरं अंडं दिलं, सोललेलं. तिने ते उभ्या उभ्या खाल्लं.

उतरतानाचं बाकी तिला फारसं आठवत नव्हतं. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, फाटकी पँट आणि मातीने माखलेले हात बघून. ती घरी गेली नाही, थेट दादाकडे गेली. सगळे जेवायला बसत होते, टेबलावर कालचाच टेबलक्लॉथ होता, भाची पाण्याचे पेले मांडत होती. दार वहिनीने उघडलं आणि "अगं बाई!" म्हणाली.

"काय अर्धे," दादा आतून ओरडला, "कुठवर मजल मारलीस?"

ती टेबलाच्या टोकाशी गेली. बाबा उशीला टेकून बसले होते, आणि ते तिच्या तोंडाकडे नव्हे, तिच्या गुडघ्यांकडे बघत होते, जिथे पँट फाटली होती. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वारा होता का गं तिथे? डावीकडून?"

म्हणजे आठवत होतं. म्हाताऱ्याला काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण वारा कुठल्या बाजूने येतो ते आठवत होतं. शेवटची एक शंका तिच्या मनात होती, बसमध्ये सगळा वेळ कुरतडत बसलेली, की आपणच तर हे रचलं नाही ना; ती गेली. तिने आपलं डावं मनगट बाबांच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवलं, त्यावर तिच्याच बोटांचे वळ अजून होते.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी पाय कुणाचे दुखत होते?"

"आता हे काय नवीन?" दादा म्हणाला. "अगं, तुझे! सगळ्या गावाला माहीत—"

"तू गप्प बस. मी त्यांना विचारतेय."

ती इतक्या शांतपणे बोलली, की दादा खरंच गप्प बसला. बाबांनी पेला उचलला. तो रिकामा होता. त्यांनी तो खाली ठेवला, रुमाल शोधला, तो मांडीवरच होता. भाची हातात पाण्याचा जग धरून तशीच उभी राहिली होती. आत्याला कळत होतं, की विचारायचं कसं असतं. दुखतंय का, असं विचारलं की माणूस सुटतो, त्याला खुर्ची द्यायची असते, दिवस सोपा जातो. तिने खुर्ची दिली नाही.

"कुणाचेच नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबांनी दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, भाचीकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. त्यांचा हात टेबलावरून लेकीच्या मनगटाकडे सरकत आला आणि मधेच थांबला.

"मी घाबरलो," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो रे. ती नाही. ती पुढे चला म्हणत होती."

दादाने हातातला चमचा खाली ठेवला. अशा वेळी कॉरिडॉरमध्ये ती म्हणायची, असू दे, होतं असं कुणाचंही. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं, सवयीने, आणि तिने ते गिळलं. राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो जाईल असंही तिला वाटत नव्हतं, आणि त्याची तिला घाई नव्हती. भाचीने जग खाली ठेवला, स्वतःची खुर्ची ओढून आत्याच्या मागे आणली आणि म्हणाली, "बस ना, आत्या. पाय दुखत असतील तुझे."

"हो," ती म्हणाली, "दुखताहेत," आणि बसली.